ग्रानीची चाल

मी घोड्यांच्या पायांना सेन्सर बांधते. पुण्यातले नातेवाईक विचारतात तेव्हा आई ‘आयटीत आहे’ असं सांगून मोकळी होते आणि मीही ते दुरुस्त करत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टाइल्सचं दुकान आणि जिम यांच्यामध्ये, आमची छोटी कंपनी आहे. काडेपेटीएवढा सेन्सर घोड्याच्या खुराच्या वर पट्ट्याने बांधायचा, घोड्याला सरळ रस्त्यावर दुडक्या चालीने पळवायचं आणि टाप जमिनीवर पडताना बसणारा धक्का लॅपटॉपवर बघायचा. चार पाय, चार रेषा. पाय दुखत असला तर घोडा तो किंचित उशिरा टेकवतो. घोडे दुखणं लपवतात, त्यामुळे डोळ्यांना ते कळत नाही. आमच्या प्रोग्रॅमला कळतं.

त्या प्रोग्रॅमची एक चाळणी मी लिहिलेली आहे. पट्टा सैल असला की सेन्सर थरथरतो आणि एका टापेच्या जागी दोन धक्के उमटतात. एक पाय एका पावलात दोनदा जमिनीवर पडू शकत नाही, म्हणून त्या दोनातला कमी जोराचा धक्का खोटा धरून चाळणी फेकून देते. लँबर्नच्या शर्यतीच्या तबेल्यांमध्ये तिने उत्तम काम केलं होतं. तिच्यामुळे मला बढती मिळाली होती, आणि हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगत असे.

नंदामावशींनाही सांगितलं होतं. त्या आईच्या मामेबहिणीची जाऊ. म्हणजे हिशेब लावत बसलं तर कोणीच नाहीत. पण मी मास्टर्ससाठी इकडे आले तेव्हा पहिला हिवाळा त्यांच्याच घरी काढला. त्यांनी मला थर्मल्स घेऊन दिले, आजारी पडले तेव्हा मेतकूट-भात भरवला, आणि मुलाखतीच्या दिवशी स्वतः गाडीने रीडिंग स्टेशनवर सोडलं. इथल्या हॉस्पिटलात त्या आयुष्यभर भूलतज्ज्ञ होत्या. निवृत्तीनंतर त्या आणि मोहनकाका डाउन्सच्या टेकड्यांखालच्या एका खेड्यात राहायला गेले, कारण काकांना घोडा घ्यायचा होता.

काका हाडांचे सर्जन. साठी उलटल्यावर घोडा म्हणजे सगळ्यांना थट्टाच वाटली. त्यांनी स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरून एक आइसलँडिक घोडा आणला. बुटका, करड्या रंगाचा, दाट आयाळीचा. नाव ग्रानी, ते तिकडूनच आलेलं. या जातीच्या घोड्यांची एक खास चाल असते, टोल्ट. स्वाराला धक्का म्हणून लागत नाही. काका रोज सकाळी एका हातात चहाचा मग घेऊन टेकडी चढून जात आणि रिकामा मग घेऊन परत येत. मागच्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. त्यानंतर ग्रानीने कोणाला पाठीवर बसू दिलं नाही. दिवसभर मान खाली घालून तबेल्याच्या दाराशी उभा राहायचा.

बसू दिलं ते फक्त तनिषाला. शशिधरदादांची मुलगी, मावशींची नात, वय पंधरा. ऑक्टोबरच्या सुट्टीत ती त्याच्यावर बसून टेकडीवर गेली आणि खांद्याचं हाड मोडून चालत परत आली. घोडा अडखळला, असं तिने सांगितलं. तेव्हापासून शशिधरदादांचं एकच म्हणणं होतं: घोडा म्हातारा झालाय, धोकादायक आहे, त्याला व्हेटकडून इंजेक्शन देऊन टाकावं. व्हेटला तपासणीत काही सापडलं नव्हतं. वाद चिघळला, आणि मावशींनी निकाल माझ्यावर सोपवला.

“शाल्मलीचं मशीन काय म्हणेल ते मी ऐकेन,” त्या म्हणाल्या. “तुझंही नाही, माझंही नाही.”

जानेवारीतला शनिवार होता. मी दुपारी पोचले. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. तबेल्यामागून चुनखडीची पांढरी वाट सरळ टेकडीवर जाते आणि बीच नावाच्या झाडांच्या एका पुंजक्याशी दिसेनाशी होते. तबेल्यासमोर काँक्रीटचा लांब सपाट पट्टा आहे. मापं घ्यायला याहून चांगली जागा नाही.

“घोड्याचे पाय बघायला इंजिनीअर लागते,” शशिधरदादा गाडीला टेकून म्हणाले. “बाबा असते तर नुसता हात लावून सांगितलं असतं.”

“बाबा असते तर तू इथे उभा राहून बोलला नसतास,” मावशी म्हणाल्या.

तनिषाने ग्रानीचा लगाम धरला होता. मी पुढच्या दोन्ही पायांना पट्टे बांधले आणि मागच्या पायांशी उकिडवी बसले. ती सतत बोलत होती. माझ्यासाठी खास, मोडक्यातोडक्या मराठीत.

“ताई, तुला माहितीये, ग्रानी नाव कुठली आहे? व्हायकिंग लोकांची स्टोरी आहे. ओडिन त्यांचा देव. त्याची घोडा स्लेपनीर. त्याला आठ पाय आहे.”

“आठ?”

“हो. आणि ग्रानी त्याच्या फॅमिलीतला. स्लेपनीर सगळीकडे जाऊ शकते. समुद्रावर, आकाशात, जिथे मेलेले लोक राहतात तिकडे पण. एकदा एका देवाचा भाऊ मेला, तर तो स्लेपनीरवर बसून भेटायला गेला. आणि परत आला. परत येणं इज द हार्ड पार्ट.”

मी हसले. डाव्या मागच्या पायाचा पट्टा ओढत होते. माझ्यासमोर ग्रानीचे चारही पाय होते. चारही जमिनीवर, स्थिर. तेव्हा माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कोणीतरी काँक्रीटवर खूर टेकवला. जड, सावकाश. घोडा उभ्या उभ्या वजन दुसऱ्या पायावर घेतो तसा आवाज. माझ्या कमरेला ऊब लागली.

वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि माझी बॅग.

“काय झालं?” तनिषाने विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.

तिने ग्रानीला पळवत नेलं आणि आणलं. लॅपटॉपवर चार रेषा उमटल्या, आणि प्रत्येक रेषेवर एका पावलात दोन धक्के होते. पट्टे सैल असतील. मी ते आवळले. पुन्हा तेच. सेन्सर अदलाबदल करून पाहिले, नवे लावले. पुन्हा तेच. टापा ऐकाव्यात म्हणून डोळे मिटले, तर जुन्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येत होता. एवढ्या बुटक्या घोड्याच्या मानाने फार दाट. भिंतीवरून प्रतिध्वनी येत असणार, असं मी ठरवलं.

“काही कळतंय का?” शशिधरदादा म्हणाले. “की मशीनच डॉक्टरला दाखवायचं?”

माझे कान तापले. मी चाळणी सुरू केली. रेषा लगेच स्वच्छ झाल्या. एका पावलात एक धक्का. आणि त्या स्वच्छ रेषांमध्ये स्पष्ट दिसत होतं: मागचे दोन्ही पाय कधी उशिरा पडत होते, कधी लवकर. पुढचा उजवाही. इतका लंगडा घोडा मी पाहिला नव्हता.

तो माझ्यासमोर उभा होता आणि अजिबात लंगडत नव्हता. हे मला दिसत होतं. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हेच तर आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे.

“लंगडतोय,” मी म्हटलं. “तीन पायांत.”

मावशींनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. “नक्की?”

“हो, मावशी. नक्की.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि शशिधरदादांना, “गुरुवारी बोलव व्हेटला.” मग मला, “जेवून जा. भरली वांगी केलीत.”

मी ती वांगी खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

सोमवारी संध्याकाळी तनिषाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

“ताई, एक सांगते. रागावू नको. ग्रानी अडखळला नव्हती. मी उडी मारली.”

“का?”

“वर, झाडांच्यात, कोणतरी खोकत होतं. सकाळी आजोबा ब्रश करताना खोकायचे ना, तसं. ग्रानी तिकडेच चालली होती, थांबतच नव्हता. मला भीती वाटली.”

“बाबांना सांगितलंस?”

“डॅड म्हणेल मी मेंटल आहे. तू सांग ना. म्हणजे, खोकला नको सांगू. नुसतं सांग मशीन चुकलं.”

“मशीन चुकत नाही,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर ते वाक्य मला स्वतःलाच ओशाळवाणं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये, सगळे जेवायला गेलेले असताना, मी शनिवारची मूळ मापं उघडली, चाळणी लावण्यापूर्वीची. प्रत्येक पायाचे दोन्ही धक्के वेगळे काढले आणि त्यांना स्वतंत्र रेषा दिल्या. चारच्या आठ झाल्या. मग आठही एकाखाली एक लावल्या.

त्यात एकही टाप उशिरा पडलेली नव्हती, एकही लवकर नव्हती. आठ ठोके, एकामागोमाग एक, सारख्या अंतरावर. सैल पट्ट्याची थरथर अशी कधी नसते. ती विझत जाते. हे धक्के वजनाचे होते. दोन्ही सारख्या जोराचे असल्यामुळे माझी चाळणी एका पावलात एक फेकत होती, तर दुसऱ्या पावलात दुसरा. आणि उरलेल्या रेषांतून एक लंगडा घोडा तयार होत होता. तो लंगडा घोडा मी केला होता. मूळ मापांतला घोडा मी आजवर पाहिलेला सर्वांत निरोगी घोडा होता.

फक्त त्याला आठ पाय होते.

मावशींना तेव्हाच फोन करायला हवा होता. मी नंबर काढलाही. पण काय सांगणार? मी मेसेज लिहिला: ‘माप पुन्हा घ्यावं लागेल असं वाटतं.’ मग ‘वाटतं’ खोडलं. मग सगळंच खोडलं. शशिधरदादांचा चेहरा समोर येत होता. आमचा बॉस, ते माहितीपत्रक, लँबर्नचे तबेले, सगळं समोर येत होतं. बुधवारी दिवसभर मी कोणाशी बोलले नाही. एका जिवाचा प्रश्न होता आणि मी माझी अब्रू जपत बसले होते. हे मला तेव्हाही नीट कळत होतं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघाले आणि मोटरवेवर उलट्या दिशेने वळले.

डाउन्सवर धुकं उतरलं होतं. खेड्यात शिरताना समोरच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. मावशींच्या आवारात व्हेटची गाडी उभी होती आणि तिच्या मागे एक बंद ट्रक. ट्रक कशाला, हे कळायला मला एक क्षण लागला. व्हेट, एक उंच, शांत बाई, हातमोजे चढवत होती. शशिधरदादांनी सुट्टी घेतली होती. तनिषा शाळेच्या गणवेशात पायरीवर बसली होती. रडून नाक लाल झालेलं. मावशी ग्रानीला गाजरं भरवत होत्या. पायात वेलिंग्टन बूट, अंगात काकांचं जुनं फ्लीस.

“अगं, तू कशाला आलीस?” त्या म्हणाल्या. “तुझं ऑफिस?”

“मावशी, थांबवा हे. माझं चुकलं. तो लंगडत नाहीये.”

शशिधरदादा वळले. “म्हणजे? शनिवारी लंगडा आणि गुरुवारी बरा?”

“शनिवारीही बराच होता. मी... मी अर्धे धक्के फेकून दिले.”

“का?”

“जास्त होते.”

“किती जास्त?”

तनिषा माझ्याकडे बघत होती. “दुप्पट,” मी म्हटलं.

व्हेटने विचारलं, काय म्हणतेय ती? तेव्हा मला तेच सगळं पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. इंग्रजीत ते आणखी वेड्यासारखं वाटलं. तिने एकदा घोड्याच्या पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि आजारी माणसाशी बोलावं तशा हळुवारपणे म्हणाली, तू बसतेस का जरा?

“शाबास,” शशिधरदादा म्हणाले. “आई, ऐकलंस? हिच्या भरवशावर आपण...”

“ऐकलं,” मावशी म्हणाल्या. गाजरांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. “ही धर.”

मग त्या दगडी चौथऱ्यावर चढल्या, ज्यावरून काका घोड्यावर बसायचे. खोगीर नव्हतं. त्यांनी आयाळ मुठीत धरली आणि एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, घोड्यावर बसल्या. ग्रानी जराही हलला नाही. इतक्या महिन्यांत मी त्याची मान वर झालेली पहिल्यांदाच पाहिली.

“आई! काय करतेस?”

“जरा वर जाऊन येते,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारख्या.

शशिधरदादा लगामाकडे धावले. लगाम बांधलेलाच नव्हता. ग्रानी वळला आणि टोल्टमध्ये निघाला. मावशींच्या खांद्यांना धक्कासुद्धा लागत नव्हता. तो धुक्यात शिरला, आधी डोकं, मग त्या, मग शेपूट. आणि काही दिसेनासं झाल्यावर आम्ही तो आवाज ऐकला. पावसासारखा, दाट, एकसारखा. तिथे आता भिंत नव्हती. मोकळी टेकडी होती.

व्हेटचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

आम्ही वाटेने वर धावलो. चुनखडी ओली होती, पाय घसरत होते. बीचच्या झाडांशी लोखंडी फाटक आहे. शेतकरी हिवाळ्यात ते साखळीने बंद ठेवतो, दोन्ही बाजूंना काटेरी तार. साखळी जागच्या जागी होती, कुलूप गंजलेलं. फाटकाच्या अलीकडे टापांचे ठसे होते. मी मोजायला वाकले. मोजले नाहीत.

फाटकापलीकडचा चिखल गुळगुळीत होता.

“आई!” शशिधरदादा ओरडले. धुक्यात आवाज फार लांब गेला नाही. ते पुन्हा ओरडले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

झाडांमध्ये कोणीतरी एकदा खोकलं.

तनिषाने माझा हात धरला. शशिधरदादांनीही ऐकलं होतं. ते फाटकाला धरून उभे राहिले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं.

मग आवाज खालून आला, आवारातून. लोखंडी नालांचा, सावकाश.

आम्ही उतरलो तेव्हा ग्रानी तबेल्याच्या दाराशी उभा होता, अंगातून वाफ निघत होती. मावशी पायरीवर बसल्या होत्या. ती सकाळ गोठणारी नव्हती. गवतावर नुसतं दव होतं. पण त्यांच्या केसांवर, भुवयांवर, फ्लीसच्या बाह्यांवर बारीक पांढरं हिम होतं.

शशिधरदादांनी अंगातला कोट काढून त्यांना गुंडाळला. व्हेटने नाडी पाहिली, हातमोजे काढले आणि ट्रकवाल्याला हाताने जायची खूण केली. तिला कोणी अडवलं नाही. ट्रक मागे जाताना तनिषा ग्रानीच्या गळ्यात पडून रडत होती.

“चहा करतेस?” मावशींनी मला विचारलं.

मी चहा केला. आलं किसताना बोट खरवडलं. चहाचा मग घेऊन बाहेर आले तेव्हा त्या एकट्याच होत्या. बाकीचे तबेल्यात गेले होते. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं लागली, आणि मी हात मागे घेतला. इतकी थंड बोटं मी कधी धरली नव्हती.

“मावशी,” मी म्हटलं, “मला माफ करा.”

त्यांनी एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने फणफणलेली असताना पाहायच्या, तशा काळजीने.

“ह्यांनी विचारलं,” त्या हळूच म्हणाल्या, “याला लंगडा कोण म्हणालं?”

मी खरवडलेलं बोट मुठीत धरलं.

“मी तुझं नाव सांगितलं नाही गं. पण उद्या वर गेले की परत विचारतील.”